शालन मगदूम यांचा शेष

"बारा रुपयांच्या केसांच्या पिना," दिवाणजी म्हणाला. "आपण गेली नऊ वर्षं दर दोन महिन्यांनी केस आखूड कापून घेता, शालनताई. मग या पिना कुणासाठी?"

शालन मगदूमने विळी बाजूला सारली. सकाळचे साडेआठ वाजले होते, गॅसवर दूध वर येत होतं आणि ओट्यावर उभा करून ठेवलेला फोन तिची उलटतपासणी घेत होता.

"माझ्यासाठीच की. पिना घेऊ नको व्हय मी?"

"जरूर घ्याव्यात. फक्त कारण सांगावं."

"हौस."

"'हौस' हे कारण आपण या महिन्यात चौदा वेळा दिलं आहे. आपल्या खात्यावरचा शेष सात टक्क्यांवर गेला आहे. मर्यादा दोन टक्के आहे. खुलाशाच्या मुदतीचे एकवीस दिवस राहिले. आपला दिवस आनंदात जावो."

दूध उतू गेलं. शालनने गॅस बंद केला, फडकं आपटलं आणि फोनकडे पाठ करून उभी राहिली. चौतीस वर्षं तिने इचलकरंजीतल्या एका सायझिंगच्या कारखान्यात, म्हणजे मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात तिथं, हिशेबाच्या वह्या लिहिल्या होत्या. एका मार्चअखेरीला अकरा पैशांचा फरक निघाला म्हणून ती दोन दिवस खुर्चीवरून उठली नव्हती. मालक म्हणाला, बाई, अकरा पैसे माझ्या खिशातून घ्या. तर ती म्हणाली, खिशातले नकोत, वहीतले पाहिजेत. आणि आता या बाईला एक यंत्र बारा रुपयांच्या पिनांचा जाब विचारत होतं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

बँकेचा हा दिवाणजी आता सगळ्यांच्याच फोनमध्ये असे, पण साठी ओलांडली की त्याचा अधिकार वाढायचा. काही वर्षांपूर्वी फोनवरून म्हाताऱ्या माणसांना घाबरवून त्यांची खाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांनी असा उच्छाद मांडला होता की काहीतरी करणं भागच होतं, आणि केलं ते हे. हेतू चांगला होता, हे शालनही नाकारत नसे. चांगल्या हेतूंनी माणसाच्या किती नाकी नऊ येतात याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात दिवाणजीने तिला अगदी नम्रपणे विचारलं होतं, की या फोनवर कुणी पुरुष बोलत आहे का. इचलकरंजीच्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, हे त्याला पटवायला तिचे आठ दिवस गेले.

त्याच्या मागचं शास्त्र तसं समजायला सोपं होतं. ओळखीचं माणूस लांबून येताना दिसलं, तर चेहरा दिसायच्या आधीच त्याच्या चालण्यावरून आपण त्याला ओळखतो. खर्चाचंही तसंच असतं, असं संशोधकांना आढळलं. माणूस किती खर्च करतो याला महत्त्व नाही. कशानंतर काय घेतो, किती दिवसांनी घेतो, महिनाअखेर आली की हात कुठं आखडतो आणि कुठं आखडत नाही, याची प्रत्येकाची एक ठेवण असते. तिला त्यांनी 'खर्चाची चाल' असं नाव दिलं. वर्षभराचे व्यवहार पुढ्यात टाकले, की यंत्र त्या माणसाचा पुढचा आठवडा आधीच मांडून ठेवायचं, आणि शंभरातले अठ्ठ्याण्णव रुपये त्या मांडणीप्रमाणेच खर्च व्हायचे. आजारपण आलं, सून आली, पगार वाढला, तरी चाल थोडी वळते, मोडत नाही. अंदाजात न बसता जे उरतं तो शेष. खात्यात चोर शिरला की शेष वाढतो, कारण चोर खर्च करतो तो स्वतःच्या चालीने.

आता शेष वाढला तर खुलासा द्यायचा. खर्च दुसऱ्या कुणासाठी केला असेल तर त्याचं नाव सांगायचं, आणि ते नाव दोन्ही घरांच्या कुटुंब-पानावर चढायचं, म्हणजे घरच्या सगळ्यांना दिसायचं. खुलासा नाही दिला, तर साठीपुढच्या माणसाचं खातं जवळच्या नातलगाच्या देखरेखीखाली जायचं. त्यानंतर प्रत्येक खर्चाला त्या नातलगाची मंजुरी.

शालनच्या खात्यात खरोखरच दुसरं माणूस होतं. फक्त ते चोर नव्हतं.

सुवर्णा खोत शालनपासून चौथ्या घरात राहायची. वय सदतीस, पदरात बारा वर्षांची मुलगी, आणि एका गारमेंटमध्ये नगावर शिवणकाम. नवरा विक्रम यंत्रमाग चालवायचा आणि बायकोचं खातंही तोच चालवायचा. तिने मिरजेला लॅब टेक्निशियनच्या कोर्सचा फॉर्म आणलेला त्याला पर्समध्ये सापडला, तेव्हा त्याने फॉर्मसकट तिचे सगळे दाखले बंबात घातले होते. दाखल्यांच्या नकला काढायला तिला पाच महिने लागले. तेही त्याला कळू न देता.

शालन गल्लीतल्या बारा बायकांची भिशी बावीस वर्षं चालवत होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी प्रत्येकीने पाच हजार काढायचे, चिठ्ठी उचलायची, आणि जिचा नंबर निघेल तिने साठ हजार न्यायचे. मागच्या वर्षी दुसरीच चिठ्ठी सुवर्णाची निघाली आणि सुवर्णा रडायला लागली. साठ हजार खात्यावर आले, की संध्याकाळपर्यंत ते मागाच्या दुरुस्तीत गेले असते. हसीना मुल्ला म्हणाली, "मग हिच्या घरी सांगायचं, हिचा नंबर शेवटचा." बाराही जणींनी माना हलवल्या. पैसे शालनच्या नावावर उचलले गेले. शालनने बँकेतून आपल्या खात्याचं एक जोडकार्ड काढलं आणि सुवर्णाच्या हातात ठेवलं.

त्या कार्डावर मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेची बस, एक चहा, झेरॉक्स, पांढरा एप्रन, पाच नंबरची चप्पल, असं वर्षभर चाललं होतं. नगावरचं काम असल्यामुळे त्या दोन दिवसांचे कपडे सुवर्णा घरी आणून शिवायची आणि मजुरी तेवढीच पडायची. सगळं सुरळीत चाललेलं असताना शालनने साठी ओलांडली.

*

बँकेत तिला चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. मग प्रणोती नावाच्या पोरसवदा मॅडमनी तिला बोलावलं. प्रणोती गोड होती. शालनला त्याचाच जास्त राग आला.

"काकू, हे तुमच्याच सुरक्षेसाठी आहे."

"मी सुरक्षितच हाय की."

"फसलेले सगळे लोक तसंच म्हणतात, काकू."

शालनने पिशवी टेबलावर ठेवली. तिने पिशवीतून पासबुकं काढली, सव्वीस वर्षांची, सालवार रबर लावून ठेवलेली. "हे बघ. यात एक तरी खाडाखोड दाखव. माझ्या पैशाचं मी काय केलं, ते मला ठाऊक हाय. तुला खात्री पटवायला आणखी काय आणू?"

"मला पाहून उपयोग नाही, काकू. मला तुमचा शेष दिसतच नाही. तो फक्त दिवाणजीला दिसतो."

"मग तुझ्या वरच्यांना बोलाव."

"त्यांनाही दिसत नाही."

"मग दिसतं कुणाला?"

प्रणोतीने थोडा विचार केला. "खुलासा दिला, की सगळ्यांना दिसतं," ती म्हणाली.

शालन जिना उतरेपर्यंत फोन वाजला. आजच्या भेटीत आपण किती समाधानी आहात, पाचपैकी किती तारे, असं दिवाणजी विचारत होता. शालनने फोन पिशवीत, पासबुकांच्या खाली दाबला.

घरी अण्णा, म्हणजे तिचे यजमान बाबगोंडा मगदूम, पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. त्यांच्याही फोनवर कुटुंब-पान होतं आणि त्या पानावर शालनच्या नावापुढचा लाल ठिपका त्यांना रोज दिसत होता.

"जयसिंगपूरला द्यायलीस न्हवं?" ते पेपराआडून म्हणाले. जयसिंगपूरला शालनचा भाऊ होता.

"त्याला कशाला देऊ?"

"मग कुणाला? मी काय खातो काय तुला? नाव सांग आणि मोकळी हो की."

"माझ्या पैशाचं मला विचारू नका."

"तुझं, तुझं! चाळीस वर्षं संसार केला आणि अजून तुझं-माझं!"

त्यांना सांगता आलं असतं तर तिला किती हलकं वाटलं असतं. पण अण्णांच्या पोटात काही राहत नसे. रोज संध्याकाळी ते ज्या कट्ट्यावर बसत, तिथंच विक्रमचा चुलता बसायचा. शालन आत गेली आणि भांडी गरजेपेक्षा मोठ्याने घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुवर्णा ब्लाउजचं माप घ्यायच्या निमित्ताने आली. टेप शालनच्या खांद्यावर धरून हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी बंद करतो. हे कार्ड घ्या. तुमचं खातं जाईल हो माझ्यापायी."

"परीक्षा कधी हाय?"

"पुढच्या महिन्यात बावीसला. फी भरायची राहिलीया, साडेसहा हजार. ती भरली तर शेष आणखी वाढंल."

"आणि पास झालीस तर?"

"लॅबवाल्या बाई म्हणाल्यात, परीक्षा दिली की दुसऱ्या दिवसापास्नं ये. राहायला खोली देतो. पोरीला तिथल्या शाळेत घालायचं."

शालनने हिशेब केला. एकवीस दिवसांची मुदत संपली, तरी परीक्षेला वर सतरा दिवस उरत होते. सतरा दिवस कुणीतरी देखरेख करेल, करू दे. परीक्षा झाली, सुवर्णा मिरजेला गेली, की ती स्वतः बँकेत जाऊन नाव सांगणार होती आणि खातं परत घेणार होती.

"फी भर," ती म्हणाली. "आणि बाही जरा सैल ठेव."

असं म्हणाली खरी, पण त्या दुपारी तिला जेवण गेलं नाही. नोकरीची पहिली दहा वर्षं तिचा पगार सासऱ्यांच्या हातात पडत होता. पस्तिसाव्या वर्षी तिने भांडून, आठ दिवस माहेरी जाऊन बसून, स्वतःच्या नावाचं खातं उघडलं. त्या दिवशी पासबुकावर छापलेलं 'शालन बाबगोंडा मगदूम' हे नाव तिने रिक्षात बसून तीनदा वाचलं होतं. त्या खात्याला आता कुणीतरी कुलूप लावणार होतं. सतराच दिवस, असं ती स्वतःला सांगत राहिली.

*

एकविसाव्या दिवशी सकाळी दिवाणजीने शुभेच्छा देऊन खात्याला कुलूप लावलं आणि देखरेख तिच्या मुलाकडे, अभिनंदनकडे गेली. अभिनंदन पुण्यात नोकरीला होता. तेहतीस वर्षांचा, सरळ स्वभावाचा, आईवर जीव असलेला. नुकताच त्याने फ्लॅट बघितला होता आणि कर्जाचे कागद बँकेत दिले होते.

"आई, शेंगतेल दोन लिटर का? नेहमी एक घेतेस ना?"

"पाव्हणे येणारेत."

"कोण?"

"अभी, मी तुझी आई हाय."

"अगं, मला विचारावंच लागतं. कारण भरल्याशिवाय मंजुरीचं बटण उमटत नाही."

मेथीची जुडी, चपलेचा अंगठा शिवणं, देवळातल्या पेटीत टाकलेले अकरा रुपये, सगळ्याला त्याचा फोन. भाजीवाली तराजू धरून उभी, मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली, आणि शालन पुण्याहून मंजुरी येण्याची वाट बघत उन्हात. दोनदा मीटिंगमध्ये असल्यामुळे त्याने फोन उचलला नाही आणि ती रिकामी पिशवी घेऊन परत आली. अभिनंदनला वाईट वाटत होतं. तो दर वेळी "सॉरी आई" म्हणायचा, आणि तिला वाटायचं, हा ओरडला असता तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं.

सुवर्णाची मंजुरीही त्याच्याच हातात गेली होती. म्हणून शालनने जोडकार्ड परत घेतलं आणि उरलेल्या दिवसांच्या बसभाड्याला हसीनाने नोटा दिल्या. नोटा अजून चालत होत्या, फक्त सुटे कुणाकडे नसत. कंडक्टर दर मंगळवारी आणि शुक्रवारी सुवर्णावर खेकसायचा.

परीक्षेला नऊ दिवस उरले असताना, एका रविवारी, अभिनंदन कुणाला न कळवता घरी आला. शालन देवळात गेली होती. ती परत आली तेव्हा साडेपाच वाजत आले होते. तो सोफ्यावर बसला होता आणि त्याचा चेहरा उजळला होता.

"आई, मोकळी झालीस! शेष शून्य. बघ."

"शून्य कसा?"

"तुझ्या पेन्शनचे कागद शोधत होतो. कपाटात साड्यांखाली ही सापडली." त्याने मांडीवरची वही वर केली. "कमाल आहे तुझी. सगळं लिहून ठेवलंयस आणि सांगत नव्हतीस? मी फोटो काढून दिवाणजीला दिले. एका मिनिटात सगळं जुळलं, रुपया न् रुपया."

शालनने वही हातात घेतली. उघडायची गरज नव्हती. परक्याचे पैसे आपल्याकडे आहेत, उद्या आपण मेलो तर त्यातल्या रुपयाचाही घोळ राहू नये, म्हणून तिने ती लिहिली होती. हिशेबनीस बाईला वहीशिवाय परक्याचा पैसा सांभाळता येत नाही. एखादी शहाणी बाई निदान नुसतं 'सु.' लिहून थांबली असती. पण चौतीस वर्षांची सवय. खात्याच्या डोक्यावर पूर्ण नाव घातल्याशिवाय तिचं पेन पुढं सरकत नसे. पहिल्याच पानावर, तिच्या वळणदार अक्षरात, लिहिलेलं होतं: 'सौ. सुवर्णा विक्रम खोत यांची ठेव, रु. ६०,०००/-'. खाली तारीखवार बस, चहा, झेरॉक्स, फी, पिना.

"हे कुठं कुठं गेलं?" तिने विचारलं.

"अजून कुठे नाही. सहा वाजता दोन्ही कुटुंब-पानांवर नोंद पडेल. तोपर्यंत हरकतीची मुदत असते. आपली कुठली हरकत असणार?"

तिने त्याचा हात धरून त्याला परसात नेलं आणि धुण्याच्या दगडाजवळ उभ्या उभ्या, चार वाक्यांत सांगितलं. मिरज. बंबात जाळलेले दाखले. बारा वर्षांची पोर. बावीस तारीख. अभिनंदनच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मला सांगायचं होतंस ना."

"सांगितलं असतं तर तू कारणात लिहिलं असतंस. तुला खोटं लिहिता येत न्हाई." ती थांबली. "तसंच वाढवलं मी तुला."

सहाला अठ्ठावीस मिनिटं होती. शालनने फोन उचलला.

"हरकत घ्यायची हाय."

"जरूर, शालनताई," दिवाणजी म्हणाला. "त्याआधी आजच्या प्रलंबित नोंदी पूर्ण करू. रिक्षा, चाळीस रुपये. नेहमी आपण देवळात चालत जाता."

"गुडघा दुखतोय! हरकत घे!"

"नोंद झाली. कोथिंबीर, दहा रुपये. कालही घेतली होती."

"वाळली ती! अरे बाबा, हरकत!"

"नोंद झाली. नेटवर्क मंद आहे, कृपया थांबावं."

पडद्यावर एक चकती गोल गोल फिरत राहिली. शालनला वाटलं, हा फोन आता धुण्याच्या दगडावर आपटावा. अभिनंदन कपाळ धरून उभा होता. अण्णा आतून विचारत होते, काय चाललंय, काय झालं, कुणी काही सांगेल काय मला. अकरा मिनिटांनी चकती थांबली.

"हरकत कशाला आहे?"

"वहीला."

"वही कुणाच्या हातची आहे?"

"माझ्या."

"त्यातील नोंदी खऱ्या आहेत का?"

शालनने वहीकडे पाहिलं. आयुष्यात लिहिलेल्या सगळ्या वह्यांत हीच तिने सर्वांत जास्त जपून लिहिली होती.

"खोट्या हायत," ती म्हणाली.

"कोणत्या?"

"सगळ्या. पहिल्यापास्नं."

"श्रीमती सुवर्णा खोत यांची ठेव आपल्याकडे आहे का?"

"न्हाई. गल्लीतलं एक नाव घातलं, झालं."

"मग हा खर्च कुणी केला?"

"मी केला."

"तो आपल्या चालीत बसत नाही, शालनताई."

"साठीनंतर माणसानं बदलू नये असा नियम हाय काय तुमच्या बँकेचा?"

"असा नियम नाही," तो म्हणाला. "मात्र खोटा हिशेब लिहिल्याची ही कबुली आहे. आपल्या खात्यावरची देखरेख कायमची होईल. आपला कोणताही लेखी हिशेब यापुढे ग्राह्य धरला जाणार नाही. पुढे जायचं का?"

सतरा दिवसांचा तिने केलेला हिशेब तिथं संपला. तिचे डोळे भरून आले, आणि भरून आले म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

"जा पुढं."

"देखरेखदार श्री. अभिनंदन मगदूम, आपण सहमत आहात का? नसल्यास हा वाद दोन्ही कुटुंबांपुढे ठेवला जाईल. सहमत असल्यास, खोटा पुरावा दाखल केल्याची ताकीद तीन वर्षं आपल्या नावावर राहील."

ताकीद असलेल्या माणसाला घराचं कर्ज मिळत नसे. ते दोघांनाही माहीत होतं. अभिनंदनने आईकडे बघितलं. सातवीत असताना प्रगतिपुस्तकावर त्याने तिची सही स्वतःच ठोकली होती, तेव्हा तिने त्याला एकदाच, पण चांगली सणसणीत लगावली होती. सही केलीस म्हणून नाही, ती म्हणाली होती, खोटी केलीस म्हणून.

ती आता काहीच म्हणाली नाही. त्याला 'हो म्हण' असं सांगायचा हक्क आपल्याला नाही, एवढं तिला कळत होतं.

"सहमत," अभिनंदन म्हणाला. सहाला आठ मिनिटं कमी होती.

तो जेवायला थांबला नाही. साडेसातच्या गाडीने परत गेला. जाताना पाया पडला, पण नेहमीसारखं काही बोलला नाही.

*

बावीस तारखेला सुवर्णाने परीक्षा दिली आणि तेवीस तारखेला सकाळी मुलीला घेऊन ती मिरजेला निघून गेली. विक्रम दोन दिवसांनी शालनच्या दारात येऊन ओरडला, की तुम्हीच तिला फूस लावली, तुम्हीच पैसे पुरवले. शालन उंबऱ्यात उभी राहिली.

"बँकेला विचार की. माझी वही खोटी हाय, असं त्यांच्याकडं लेखी हाय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

अण्णांना शेवटी सगळं कळलं. खरं काय ते तिने वर्षभर लपवलं, हे त्यांना खरी वही खोटी म्हणण्यापेक्षा वाईट वाटलं आणि आठवडाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. अभिनंदनची मंजुरी मात्र आता चटकन यायची. मेथीला, तेलाला, रिक्षाला. कारणाच्या रकान्यात तो काहीतरी भरून टाकायचा, फोन करायचा नाही. पडद्यावर 'मंजूर' एवढाच शब्द यायचा, आणि शेंगतेल दोन लिटर का असं त्याने पुन्हा विचारावं असं तिला वाटू लागलं होतं.

पहिल्या शनिवारी भिशीच्या बायका तिच्याकडे जमल्या. शालन धरून बारातल्या अकरा. शालनने चहा दिला आणि म्हणाली, "आता लिहायचं काम दुसरीनं कुणीतरी घ्या. माझ्यावर शिक्का बसलाय."

हसीना म्हणाली, "जुनी वही कुठाय?"

"बंबात घातली."

"मग नवी पाहिजे," हसीना म्हणाली आणि फोन काढला. "पन्नासला येती कोपऱ्यावर. दहा जणी हाय आपण, पाच पाच काढा गं. शालनताई सोडून. तिला पुण्याची परवानगी लागती."

हसीनाच्या भाचीने कोपऱ्यावरच्या दुकानातून वही आणली तेव्हा दहा फोनांतले दहा दिवाणजी एकापाठोपाठ बोलायला लागले होते. पाच रुपये, चालीत बसत नाहीत, कशासाठी?

"हौस," हसीना म्हणाली.

"हौस," तिच्या शेजारची म्हणाली. मग तिसरी. एकीला हसू आवरेना, तिने तोंडाला पदर लावून सांगितलं.

वही शालनच्या पुढ्यात आली. लाल कापडी पाठीची, दोनशे पानी. तिने चष्मा लावला, पहिल्या पानावर तारीख घातली, आणि समास ओढला. भिशीचा जमाखर्च दुसऱ्या पानावर सुरू करायचा, पहिलं पान मागल्या देण्याचं, अशी तिची पद्धत होती. त्या पानाच्या डोक्यावर तिने वळणदार अक्षरात पूर्ण नाव लिहिलं: 'श्री. अभिनंदन बाबगोंडा मगदूम यांचे देणे'.

रकमेचा रकाना आला आणि पेन थांबलं. बायका वाट बघत होत्या. शालनने तो रकाना तसाच मोकळा ठेवला, पान उलटलं आणि चिठ्ठ्यांचा डबा हलवायला घेतला.